फ्लेमिंगो सिटीत फ्लेमिंगोंनी बसायचं कुठे?

नवी मुंबईत फिरताना फ्लेमिंगो चुकवता येत नाही. चौकात त्याचे पुतळे, भिंतींवर त्याची चित्रं. महापालिकाही शहराला अभिमानाने ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणते. पण खराखुरा फ्लेमिंगो भरतीच्या वेळी कुठे बसतो, हे विचारलं तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? खरं सांगायचं तर, हा विषय हातात घेईपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

गोष्ट साधी आहे. कच्छकडून येणारे हे पक्षी साधारण मे महिन्यापर्यंत ठाणे खाडीत मुक्कामाला असतात. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडला की शेवाळ आणि बारीक जीव खायला ते तिथे उतरतात. भरतीला तोच चिखल पाण्याखाली जातो. मग थवे उडतात आणि सीवूड्स, नेरूळ, उरणच्या उथळ पाणथळ जागांवर जाऊन विसावतात. थोडक्यात, खाडी ही त्यांची मेस आणि पाणथळी हे हॉस्टेल!

आपण मेस जपली. २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय ‘रामसर’ दर्जा मिळाला. हॉस्टेल मात्र अभयारण्याच्या रेषेबाहेरच राहिलं.

त्याचा परिणाम २०२४ च्या उन्हाळ्यात दिसला. नेरूळचा सुमारे ३० एकरांचा डीपीएस तलाव कोरडा पडत गेला आणि त्या परिसरात काही आठवड्यांत अनेक फ्लेमिंगो मेले. जवळच्या जेट्टीच्या कामात खाडीचं पाणी आत येण्याची वाट बुजली, असा पर्यावरण कार्यकर्त्यांचा आरोप होता. पुढे सरकारी समितीनेही पाण्याचा प्रवाह मोकळा करा, असंच सुचवलं. म्हणजे पाणथळ संपवायला भराव टाकायलाच हवा असं नाही. पाण्याची वाट अडवली तरी पुरतं. तलाव नकाशावर तसाच राहतो, पण आतून मरतो.

मग कायदा काय करतो? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या २ लाख १ हजार ५०३ पाणथळ जागांना संरक्षण द्यायला सांगितलं. डीपीएस तलाव साधारण १२ हेक्टरांचा. पण त्याच वर्षीच्या पाणथळ नियमांतून मिठागरं आणि किनारपट्टी नियमन क्षेत्रातल्या जागा वगळल्या गेल्या. आता खाडीकाठच्या शहरात पाणथळ असणार कुठे, तर खाडीकाठीच ना? त्यामुळे प्रत्येक तळ्यासाठी आधी ‘हे पाणथळ आहे का’ यावरच वर्षानुवर्षं भांडण चालतं.

सिडकोची बाजूही ऐकायला हवी. हे शहर वसवण्यासाठीच ही जमीन संपादित झाली, आराखड्यात तिचा वापर ठरलेला आहे, असं तिचं म्हणणं. घरं हवीत, जेट्टी हवी, हे आपणही नाकारू शकत नाही. रोज लोकलला लटकणाऱ्यांनी तर नाहीच नाही. पण भरतीचं आणि पावसाचं जादा पाणी याच जागा पोटात घेतात. त्या गेल्या तर ते पाणी आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये येणार.

आणि नवा मुद्दा विमानतळाचा. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने ३० हून जास्त फ्लेमिंगो मेले. आता नवी मुंबईचाही विमानतळ सुरू झालाय. बसायची जागा काढून घेतली तर पक्षी गायब होत नाहीत, दुसरीकडे सरकतात. ते धावपट्टीकडे सरकले तर? म्हणजे तळी राखणं ही प्रवाशांच्याही सुरक्षेची गोष्ट आहे.

एक चांगली बातमी आहे. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. नागरिकांनी फोटो काढले, तक्रारी केल्या, मानवी साखळ्या धरल्या, म्हणून हे घडलं. पण एक तलाव म्हणजे अख्खं हॉस्टेल नव्हे. बाकीच्या खोल्यांचं काय?

या सीझनला रील काढायला जाल तेव्हा भरतीची वेळ बघून जा. आणि कॅमेरा दोन मिनिटं पक्ष्यांवरून हटवून पाणी आत येण्याच्या वाटेकडे वळवा. ती बुजलेली दिसली, तर तो फोटो तारखेसकट वनविभागाला आणि महापालिकेला पाठवा. लाइक कमी मिळतील, पण पुढच्या वर्षी रील काढायला फ्लेमिंगो असतील.