रुजवात घेणार कोण?

गेल्या महिन्यात कामथडीत एका घराच्या पडवीत आम्ही दोघं कागद पसरून बसलो होतो. एक मी, आणि दुसरा भोरच्या कोर्टात वकिलांकडे कारकुनी शिकणारा एक तरुण. काम नेहमीचंच, एका गटाचा तीस वर्षांचा सर्च. सातबारा, आठ-अ, त्यामागच्या सतरा फेरफारांच्या नकला. पोराने आदल्या रात्री सगळ्या नकलांचे फोटो काढून मोबाईलमधल्या एआयला दिले होते आणि दहा मिनिटांत तक्ता हातात आला होता. फेरफार क्रमांक, तारीख, कोणाचं नाव कमी, कोणाचं दाखल, क्षेत्र किती. खरं सांगतो, मला हेवा वाटला. असा तक्ता करायला मला दोन संध्याकाळी लागायच्या.

तरी सवयीने म्हटलं, मी वाचतो, तू ताडून बघ. मूळ नक्कल मी मोठ्याने वाचायची, त्याने तक्त्यावर बोट फिरवायचं. अकराव्या फेरफारापर्यंत सगळं जुळलं. बाराव्यात मी वाचलं, "ए.कु.मॅ. म्हणून नाव दाखल", आणि बोट थांबलं.

"काका, हे माझ्याकडे नाहीये."

नाव होतं. तारीख होती. क्षेत्र शेवटच्या आरपर्यंत बरोबर होतं. फक्त ती तीन अक्षरं गळाली होती. आपल्या वाचकांना त्यांचा अर्थ सांगायला नको, एकत्र कुटुंब मॅनेजर. बाप वारला, थोरल्याचं नाव लागलं आणि बाकीची भावंडं, लग्न होऊन गेलेल्या बहिणींसकट, त्या तीन अक्षरांच्या पोटात राहिली. अक्षरं गेली की थोरला एकटाच मालक दिसतो. महामार्गालगतच्या गावात जमिनीला काय भाव आला आहे ते आपण जाणतो. हा तक्ता तसाच अहवालात गेला असता, तर खरेदीखत सुखरूप नोंदलं गेलं असतं आणि चार-पाच वर्षांनी वाटपाचा दावा भोरच्या दिवाणी न्यायालयात उभा राहिला असता.

एआयने इथे खोटं काही रचलं नव्हतं. त्याला संक्षेप कळला नाही, म्हणून तो त्याने सोडला, आणि सोडल्याचं सांगितलं नाही. आपल्या कामात मला भीती या प्रकाराची जास्त वाटते. अ.पा.क. घ्या. अज्ञान पालनकर्ता. तो शेरा गोषवाऱ्यातून निसटला, तर अज्ञान वारसाचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकला गेला का, हा प्रश्नच कोणी विचारणार नाही. आणि १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे नेमका तोच विचारायचा असतो. धोंडिबा आणि धोंडू एकच की दोन, हेही एआय आपल्या मनाने ठरवतं. एका जागी धोंडिबा, दुसऱ्या जागी धोंडू असेल, तर दोन्हीकडे एकच सुबक नाव लिहून मोकळं होतं. आपण मात्र वाकडा कागद वाकडाच उतरवण्याचे पैसे घेतो.

बनावट निवाड्यांची चर्चा अधिक होते, कारण ते पकडले जातात. न्यूयॉर्कच्या माता विरुद्ध एव्हियान्का प्रकरणात २०२३ साली वकिलांनी अस्तित्वात नसलेले सहा निवाडे दाखवले आणि ५,००० डॉलर दंड भरला. त्यातला मला सर्वांत मासलेवाईक वाटणारा भाग असा की, हे निवाडे खरे आहेत ना, असं वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केएमजी वायर्स या कंपनीच्या प्रकरणात प्राप्तिकराचा आकारणी आदेश रद्द केला. त्यात आधाराला घेतलेले तीन निवाडे शोधूनही सापडत नव्हते. यंत्राने दिलेलं आंधळेपणाने वापरू नका, ताडून पाहा, असं न्यायालयाने तिथे बजावलं.

कलमांचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून जुने तिन्ही फौजदारी कायदे गेले, पण एआयने वाचलेले बहुतेक निवाडे जुन्याच कायद्यांखालचे आहेत. ४८२ हा आकडा विचारून पाहा. जुन्या संहितेत ते उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. यंत्र कधी एक सांगतं, कधी दुसरं, आणि दोन्ही वेळा तितक्याच ठामपणे. जुन्या पुस्तकावर घडलेल्या आपल्यासारख्यांचीही जीभ तिथे घसरते, हे कबूल.

अशा प्रसंगातून आपण एकदा गेलो आहोत. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढले तेव्हा काय झालं आठवा. कुठे क्षेत्र चुकलं, कुठे इतर हक्कातला बोजा गायब, कुठे आडनावच बदललं. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन झालं. तलाठ्याने (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) संगणकावरचा उतारा वाचायचा आणि गावाने चूक दाखवायची. जिथे लोक बसून ऐकत होते तिथल्या चुका तेव्हाच निघाल्या. जिथे वाचन कागदोपत्री उरकलं, तिथले खातेदार जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचे अर्ज घेऊन आजही तहसीलच्या पायऱ्या चढतात. त्यातले कित्येक अर्ज आपणच लिहिले आहेत.

जुन्या नकलेच्या तळाशी पाहा. नक्कल करणार, आणि त्याच्या शेजारी रुजवात घेणार, अशा दोन निरनिराळ्या सह्या असतात. उतरवून घेणाऱ्याने स्वतःचंच तपासायचं नाही, हे आपल्या दप्तराला फार पूर्वीपासून माहीत आहे. एआयला मी नक्कल करणाऱ्याच्या जागी बसवायला तयार आहे. तो थकत नाही, मध्येच चहाला उठत नाही, रात्री अकरालाही कुरकुर करत नाही. रुजवातीची सही मात्र माणसाचीच हवी, आणि ती मूळ कागद हातात धरून केलेली हवी. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी धोरण काढलं. त्यातही कोणतं साधन वापरलं आणि पडताळणी कशी केली याची नोंद ठेवा, असं सांगितलं आहे. आपल्या भाषेत, रुजवात घेणाऱ्याचं नाव लिहा.

मग ही साधनं वापरायची कुठे? जिथे उत्तर तपासायला लागणारा कागद आपल्या हाती आहे, तिथे बेलाशक. तारखांचा तक्ता, पानांची अनुक्रमणिका, सांगितलेला मराठी मजकूर टाईप करून घेणं, नोटिशीचा पहिला कच्चा खर्डा, अशिलाला कळेल अशा भाषेत आदेशाचा सारांश. विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅरालीगल स्वयंसेवकांना तर शेवटचं काम फार उपयोगी आहे. वेल्ह्याच्या खोऱ्यातून एसटीने आलेल्या बाईला "प्रकरण निशाणी ५ वर चौकशीसाठी" याचा अर्थ चार सोप्या वाक्यांत सांगता आला, तर तिची एक खेप वाचते. भाषांतरही चालेल, पण डोळे उघडे ठेवून. इंग्रजी निकालातल्या "लीव्ह ग्रँटेड"चं यंत्राने "सुट्टी मंजूर" केल्याचा किस्सा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीच सांगितला आहे. ज्या न्यायालयाने भाषांतरासाठी २०१९ मध्ये सुवास ही प्रणाली आणली, तिथली ही गोष्ट.

आपल्या तालुक्यांच्या दोन अडचणी वेगळ्या लिहितो, कारण पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षणात त्या येत नाहीत. एक, वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायला मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली. एकाच मिळकतीच्या कागदांत दोन्ही नावं येतात आणि यंत्र कधी ती दोन ठिकाणं समजतं, कधी जुन्या दस्तातही नवं नाव घालून ठेवतं. दस्तात जे आहे तेच उतरवा. दुसरी, मोडी. भोर संस्थान ८ मार्च १९४८ ला विलीन झालं, त्याआधीचे कागद घराघरांतल्या ट्रंकांत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत. फोटो दिला की एआय छान वाहतं मराठी लिहून देतं, आणि त्यातलं किती कागदावर आहे हे मोडी येणाऱ्यालाच कळतं. ज्याला मोडी येत नाही त्याने ते लिप्यंतर वापरू नये. इथे मी सवलत द्यायला तयार नाही.

आणि फोटो. त्या तरुणाने सतरा नकला फुकटच्या ॲपवर चढवल्या होत्या. फेरफार सार्वजनिक दप्तर आहे, तिथे फारसं बिघडलं नाही. पण त्याच मोबाईलवर घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा, आधार कार्ड आणि एका आरोपीने वकिलांना लिहून दिलेली हकिगतही होती. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं जे संरक्षण आहे, ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने कारकुनालाही बांधतं. १८७२च्या जुन्या कायद्यात कलम १२७ होतं, त्यातही दुभाषे, कारकून आणि नोकर यांचा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे वकिलाचं तोंड जितकं बंद, तितकंच आपलं. नावं, गट नंबर, मोबाईल नंबर झाकून मजकूर देता येतो. दोन मिनिटं लागतात. झाकून अर्थच उरत नसेल, तर तो कागद देऊ नये.

आता वकील मंडळींना थोडं. एआयमुळे काम दहा मिनिटांत होतं, असं धरून कारकुनाच्या हातात एका दिवशी पाच फाईली ठेवल्या जाऊ लागल्या आहेत. तक्ता दहा मिनिटांत होतो. सतरा फेरफार मोठ्याने वाचून ताडायला त्या दिवशी आम्हाला पावणेदोन तास लागले, आणि त्यासाठी दोन माणसं लागली. तो वेळ कुठल्याच बिलात दिसत नाही. म्हणून आमची सूचना आहे की सर्च रिपोर्टच्या फीमध्ये रुजवातीची वेगळी ओळ घालावी आणि अहवालाच्या तळाशी नक्कल करणार व रुजवात घेणार अशा दोन जागा सोडाव्यात. पहिल्या जागी यंत्राचं नाव लिहायला लाजू नका. अशील फीची ती ओळ पाहून विचारेलच, हे कशाचे पैसे? त्याला बाराव्या फेरफाराची नक्कल दाखवा.