मृत्युपत्राचे वावडे कशासाठी?

घर बांधताना मुहूर्त पाहावा, वास्तुशांत करावी, दारावर हौसेने पत्नीच्या नावाची पाटी लावावी, एवढी काळजी आपला नोकरदार मध्यमवर्ग घेतो. परंतु आपल्या पश्चात हे घर कोणाचे, असा प्रश्न कोणी काढला की तोच गृहस्थ ‘असे अभद्र बोलू नये’ म्हणून विषय टाळतो. या संकोचाची किंमत बहुधा त्याच्या पत्नीला मोजावी लागते.

आमच्या वणीतील एका निवृत्त शिक्षकांचे उदाहरण माझ्या नजरेसमोर आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि पतपेढीचे कर्ज यांतून त्यांनी तीन खोल्यांचे घर उभे केले आणि मृत्युपत्र न करताच ते गेले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. नवऱ्याचे घर ते आपले, अशी त्या माउलीची समजूत. कायदा तसे मानीत नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र नसल्यास पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई यांना समान वाटा मिळतो. म्हणजे जन्मभर ज्या घरात संसार केला, त्याच्या केवळ चौथ्या हिश्श्याची ती मालकीण ठरली. नाशिकला सदनिका घेऊ पाहणाऱ्या थोरल्याने आपला वाटा मागितला. तीन खोल्यांचे चार भाग होईनात, तेव्हा घर विकावे लागले. आता बाई तिघा मुलांकडे चार-चार महिने राहतात. मुले दुष्ट नाहीत. त्यांनी आपला हक्कच मागितला. उणीव राहिली ती वडिलांनी न केलेल्या एका सहीची.

‘पण मी नामनिर्देशन केलेले आहे’, असे पुष्कळजण सांगतील. पगारदार वर्गातील हा सर्वांत मोठा गैरसमज होय. नामनिर्देशित व्यक्ती ही सामान्यतः वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी असते. तेवढ्याने ती मालक होत नाही. विम्याच्या रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली हेच सांगितले होते. 2015 च्या दुरुस्तीने विम्यापुरती आईवडील, पतीपत्नी व मुले यांच्यासाठी निराळी तरतूद झाली. घरोघरी भिंतीवर दिसणाऱ्या ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या गुंतवणुकीवरून उद्भवलेल्या वादाचा निकाल डिसेंबर 2023 मध्ये लागला. समभाग व म्युच्युअल फंड यांचीही मालकी केवळ नामनिर्देशनाने मिळत नाही, असे त्यात न्यायालयाने स्पष्ट केले.

स्त्रीच्या नावावर मिळकत असावी, हा विचार आमच्या जिल्ह्याला नवा नाही. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले. पुढे शरद जोशी यांच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करून दिला. शेतकऱ्याने जे हयातीत केले, ते पदवीधर नोकरदाराला निदान आपल्या पश्चात घडावे म्हणून का करता येऊ नये?

मृत्युपत्राचा दुरुपयोग होतो, हा आक्षेप खोटा नाही. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क मिळाला. तो हक्क पोकळ करण्यासाठी आपला हिस्सा मृत्युपत्राने मुलांच्याच नावे लिहून ठेवणारे वडील आजही आढळतात. परंतु लेखणीने खोटा हिशेब लिहिता येतो म्हणून कोणी हिशेब लिहिणे सोडीत नाही. मुलीचा वाटा राखून पत्नीचे छप्पर सुरक्षित करणे, हे त्याच कागदाने साधते.

आणि हा कागद करणे अवघडही नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. ते साध्या कागदावर चालते. करणारा सज्ञान व शुद्धीवर असावा, त्याची सही असावी आणि किमान दोन साक्षीदारांनी साक्ष घालावी. ज्यांना त्यातून काही मिळणार नाही, असेच साक्षीदार निवडणे शहाणपणाचे. नोंदणी सक्तीची नाही. तथापि दुय्यम निबंधकाकडे ती केल्यास पुढील शंकाकुशंकांना आळा बसतो. हयातीत ते केव्हाही बदलता वा रद्द करता येते, म्हणून सही केली की घर हातचे गेले, ही भीती निराधार आहे. मिळकत वडिलोपार्जित असेल तर मात्र केवळ आपल्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते. पत्नीला पूर्ण मालकी द्यावयाची की तहहयात राहण्याचा हक्क, हे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे. तेथे वकिलाच्या सल्ल्यावर होणारा खर्च पुढील दिवाणी दाव्यापेक्षा खचितच कमी असतो.

संपत्तीच्या वितरणावर आम्ही अर्थशास्त्राचे अध्यापक वर्षभर व्याख्याने देतो. स्वतःच्या घराच्या वितरणाला एक ताव आणि दोन शेजारी पुरतात. वास्तुशांतीच्या वर्षीच मृत्युपत्र करण्याचा प्रघात पडला, तर उतारवयात चार-चार महिन्यांनी बोचके उचलण्याची पाळी पुष्कळ आयांवर येणार नाही.