आधी तपासणी, मग धाव

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळ्यात, संग्रामपूर तालुक्यातील इतर गावांप्रमाणेच, शेतीच्या बेभरवशाच्या उत्पन्नाने पोळलेल्या घरांतील मुले पोलीस किंवा सैन्य भरतीची आशा धरून पहाटेच्या अंधारात सडकेवर धावतात. आणि ज्या धावेवर साऱ्या कुटुंबाची भिस्त आहे, ती झेपण्याइतके त्यांचे हृदय समर्थ आहे काय, याची रीतसर चौकशी पोलीस भरतीचे दफ्तर मैदानी व लेखी परीक्षा उरकल्यावर, अगदी शेवटी करते. हा क्रमच उलटा आहे, आणि तो बदलला पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

जून 2014 मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत 5 किलोमीटर धावताना उमेदवार कोसळले व काहींचे प्राण गेले. त्यात उन्हाचा वाटा मोठा होता. पुढे अंतर घटले, आणि आज शिपाई पदासाठी पुरुषांना 1600 मीटर धावावे लागते. परंतु ऊन टाळले म्हणून सर्वच धोका टळत नाही. हृदयाचा स्नायू जन्मजात दोषाने जाड होण्याचा विकार साधारणपणे 500 माणसांत एकाला असतो; काहींच्या हृदयाची घडण निर्दोष असूनही त्यातील विद्युत्‌प्रवाहात खोट असते; आणि धष्टपुष्ट दिसणाऱ्या तरुणात हे दोष अतिश्रमाच्या क्षणापर्यंत मुकाट दडून राहू शकतात.

इटलीने 1982 पासून स्पर्धेतील खेळाडूंची ईसीजीसह तपासणी कायद्याने सक्तीची केली, आणि तेथील व्हेनेतो प्रांतात अशा आकस्मिक मृत्यूंचे वार्षिक प्रमाण लाखामागे 3.6 वरून 0.4 वर आले. याउलट इस्राएलमध्ये 1997 पासूनच्या सक्तीनंतर तशी घट दिसली नाही. शिवाय नियमित व्यायामाने हृदयात होणारा निरोगी बदलही आलेखावर रोगासारखा भासू शकतो. सबब, अननुभवी नजरेने दिलेला चुकीचा शेरा गरीब मुलाची भाकरी हिरावून घेईल, ही भीती निराधार नाही. म्हणून शंकास्पद आलेख म्हणजे अपात्रतेचा हुकूम न मानता, हृदयरोगतज्ज्ञाकडून सरकारी खर्चाने फेरतपासणीची तजवीज हवी.

आरंभ मात्र बिनखर्चाच्या प्रश्नांनी होऊ शकतो. धावताना कधी शुद्ध हरपली काय? छातीत कळ येते काय? घराण्यात कोणी ऐन तारुण्यात अकस्मात गेले काय? पट्टीचा पोहणारा विहिरीत कसा बुडाला, किंवा पळता पळता आलेली ‘फिट’ खरोखर मेंदूची होती काय, हेही विचारले पाहिजे. कारण कुटुंबाने दैवगती मानलेल्या अशा घटनांमागे हृदयाचा आनुवंशिक दोष असू शकतो. नोकरी हुकेल या धास्तीने मुले लक्षणे लपवितात, तेव्हा ही विचारपूस भरतीच्या दारात नव्हे, सरावाच्या आरंभीच आईवडिलांसमक्ष व्हावी. संत सोनाजी महाराजांच्या यात्रेला सोनाळ्यात कुटुंबेच्या कुटुंबे जमतात. ग्रामपंचायतीने व आरोग्य खात्याने तेव्हाच शिबिर भरवावे.

तपासणीतूनही काही दोष निसटतातच. डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन याची वर्षानुवर्षे तपासणी होत होती, तरी 12 जून 2021 रोजी कोपनहेगनच्या मैदानावर त्याचे हृदय थांबले. तत्काळ छातीदाब व विद्युत्-धक्का मिळाल्याने तो वाचला. गोव्याच्या डेम्पो संघाचा क्रिस्तियानो ज्युनिअर 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळुरात गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला, आणि त्याच्या मृत्यूने आपल्या मैदानांवरील वैद्यकीय व्यवस्थेचे दारिद्र्य उघडे पाडले. उपचाराविना सरणारे प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता झपाट्याने घटविते. आणि खेड्यात रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे सोबत्यांच्याच हाती असतात. तेव्हा धावणाऱ्या प्रत्येक मुलाने छातीदाब शिकावा.

गृहखात्याने पुढील भरतीच्या जाहिरातीतच प्रश्नावली व ईसीजी यांना धावेपूर्वीचे स्थान द्यावे, आणि प्रत्येक चाचणी मैदानावर विद्युत्-धक्क्याचे यंत्र व ते चालविणारा प्रशिक्षित माणूस ठेवावा. उमेदवाराकडून वेळेचा हिशेब सेकंदांत मागणाऱ्या शासनाने त्याच्या प्राणांविषयी एवढी दक्षता बाळगणे हा उपकार नव्हे, कर्तव्य आहे.