चेकबुक चोरीला गेले? खाते बदला, पण क्रमाने

चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या पट्ट्यातल्या शेतकरी बंधूंनो, कंपन्या आल्या तशी आपल्या खात्यातली उलाढाल वाढली. कुणाला जमिनीचा मोबदला मिळाला, कुणाला खोल्यांचे भाडे येते, तर कुणाचा टेम्पो कंपनीच्या कामावर आहे. चेकबुक मात्र अजून खुंटीवरच्या पिशवीतच! वर 'मी गावाला गेलो तर खोळंबा नको' म्हणून दोन कोऱ्या पानांवर सही मारून ठेवलेली. चोराला आणखी काय पाहिजे?

चेक गेला की आपण बँकेत जातो, तेवढा नंबर थांबवतो आणि निर्धास्त होतो. हे पुरत नाही. चेकच्या पानावर खाते नंबर असतो, शाखेचा कोड असतो आणि सही केलेली असेल तर सहीचा नमुनाही हाती लागतो. एवढ्यावर बनावट चेक छापता येतो. सप्टेंबर २०२० मध्ये अयोध्येच्या राममंदिर न्यासाच्या खात्यातून असेच सहा लाख रुपये गेले. खरे चेक न्यासाकडेच होते, वटले ते नकली. तिसरा, पावणेदहा लाखांच्या वरचा चेक आला तेव्हा बँकेने फोन करून विचारले, म्हणून तो अडला. तेव्हा पान चोरीला गेले तर खातेच बाटले असे समजा.

आता सवडही राहिलेली नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत वटवले जातात, पूर्वीसारखे एक-दोन दिवस हातात मिळत नाहीत. म्हणून कळल्याबरोबर, त्याच घटकेला बँकेला फोन करा. मग लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि पोलिस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घरी ठेवा.

मात्र रागाच्या भरात 'खाते बंद करा' म्हणू नका. आपल्याकडे गाडीच्या फायनान्सवाल्याकडे, पतसंस्थेत, खताच्या दुकानात सही केलेले चेक तारण म्हणून पडलेले असतात. खाते बंद झाले आणि त्यातला एखादा परत आला, तर चेक न वटल्याच्या कलम १३८ ची केस अंगावर येते. 'खाते बंद' या शेऱ्यालाही हे कलम लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये नेपसी मायकॉनच्या खटल्यात सांगितले. आपणहून सही करून दिलेला कोरा चेक समोरच्याने भरला, एवढ्यावरून तो रद्द ठरत नाही, हेही २०१९ मध्ये बीर सिंग खटल्यात स्पष्ट झाले. चोरीच्या चेकवर उद्या कुणी दावा ठोकला, तर पोलिसांकडच्या अर्जाची तारीखच तुमच्या कामी येईल.

म्हणून आधी जुन्या खात्यातून पैसे काढणे थांबवायला सांगा, जमा होणे चालू राहू द्या. नवे खाते उघडा. ज्यांच्याकडे तुमचे चेक आहेत त्यांना लेखी कळवून जुने परत घ्या. गाडीचा हप्ता आपोआप कापला जात असेल तर तो नव्या खात्यावर वळवा, नाहीतर फुकटचा दंड बसेल. पीएम किसानचे पैसे आधारच्या जोडणीने येतात, ती जोडणी नव्या खात्याला झाल्याची खात्री करा. दूध डेअरी, कांद्याचा आडतदार, भाडेकरू कंपनी या सगळ्यांना नवा नंबर द्या. सगळी जमा नव्या खात्यात येऊ लागली की मगच जुने बंद करा. महिना-दोन महिने जातील, जाऊ द्या.

पैसे गेलेच असतील तर 'चेकबुक तुम्हीच नीट ठेवले नाही' हे बँकेचे उत्तर ऐकून गप्प परतू नका. कॅनरा सेल्स कॉर्पोरेशनच्या हिशेबनिसाने ४२ चेकांवर खोट्या सह्या करून सव्वातीन लाखांवर रक्कम उचलली होती. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भार बँकेवरच टाकला. खोट्या सहीचा चेक म्हणजे खातेदाराचा हुकूमच नव्हे, केवळ ग्राहकाचा हलगर्जीपणा दाखवून बँक सुटत नाही. पण सही तुमचीच असेल, तर हा आधार लंगडा पडतो. ती दोन कोरी पाने आजच फाडा!

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांनाही हेच सांगणे आहे. कंपन्यांच्या करामुळे इथल्या पंचायतींच्या खात्यात मोठी रक्कम असते. दोन सह्यांचा नियम कशासाठी आहे? एकाने आधीच सह्या करून चेकबुक दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचे, तर ती एकच सही झाली. पन्नास हजार किंवा त्यावरचा चेक देताना त्याचा तपशील बँकेला आधी कळवण्याची पॉझिटिव्ह पे ही सोय जानेवारी २०२१ पासून आहे. पंचायतीच्या खात्याला ती सुरू आहे का, हे सदस्यांनी येत्या मासिक सभेत विचारावे.