पदवी तीन वर्षांची की चार?

बारावीचा निकाल लागला की कुंभारीच्या विडी घरकुलात आम्हा शिक्षकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘बी.ए. आता चार वर्षांचं झालं म्हणे. मग मुलीला कॉलेजात घालायचं की नाही?’ आई दिवसभर विड्या वळते आणि त्यावर घर चालतं. अशा घरात एक जादा वर्ष म्हणजे नुसता आकडा नसतो. मुलीचं शिक्षण आणि लग्न यांचा सगळा हिशेब त्या एका वर्षावर अडतो. म्हणून हा विषय या वेळी नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट, तीन वर्षांची पदवी बंद झालेली नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या सोलापूर विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवा अभ्यासक्रम आला. त्यात तीन वर्षं पूर्ण करून पदवी घेता येते. ज्याला पुढे शिकायचं त्याने चौथं वर्ष करावं, त्याला ऑनर्स पदवी मिळते. चौथ्या वर्षाची सक्ती नाही.

आता क्रेडिटचा हिशेब. विड्यांचा हजाराचा हिशेब ज्या बायांना तोंडपाठ आहे, त्यांना हा अवघड जाणार नाही. एका सत्रात साधारण २० ते २२ क्रेडिट असतात. तीन वर्षांत १२० ते १३२ झाले की पदवी, चार वर्षांत १६० ते १७६ झाले की ऑनर्स. मुख्य विषय, उपविषय, भाषा, कौशल्याचा विषय, प्रत्यक्ष कामाचा अनुभव असे त्याचे वाटे पाडलेले असतात. एक वाटा अपुरा राहिला तर एकूण बेरीज भरूनही पदवी अडते. म्हणून कॉलेजचा छापील तक्ता घरी आणा आणि दर सत्राला त्यावर खूण करा.

प्रत्यक्ष कामाचा अनुभव म्हटलं की काही अब्बा दचकतात. मुलीला कुठे पाठवायचं? याची विचारणा पहिल्याच वर्षी करा. विषयाशी जुळणारं आणि घराजवळचं ठिकाण कॉलेजला मान्य आहे का, हे आधी कळलं तर ऐन वेळी मुलीचं नाव मागे राहत नाही.

लग्न ठरलं, घरात आजारपण आलं, तर शिक्षण मध्येच सुटतं. पूर्वी अशा मुलीच्या हाती काहीच उरत नसे. आता पहिल्या वर्षानंतर ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स किंवा इंटर्नशिप केली तर प्रमाणपत्र मिळतं, दोन वर्षांनंतर तशाच अटीवर डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, मात्र सगळं शिक्षण सात वर्षांत पुरं व्हावं लागतं. कमावलेले क्रेडिट एबीसी नावाच्या ऑनलाइन खात्यात जमा राहतात. ते खातं उघडताना आधारवरचं आणि दहावीच्या मार्कलिस्टवरचं नाव एकच आहे ना, हे पाहा. एकीकडे ‘शेख’ आधी आणि दुसरीकडे शेवटी, असं आपल्याकडे फार होतं.

शिक्षिका व्हायचं असेल तर हिशेब असा. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं बी.एड., मिळून पाच. चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाचं बी.एड. धोरणात आहे, म्हणजे तेही पाचच. पण ते जवळच्या मान्यताप्राप्त कॉलेजात सुरू झालं आहे का, हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नका. एम.ए.चंही तसंच, तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक.

जुन्या पॅटर्नमध्ये ज्यांचे विषय राहिलेत, त्यांनी किती संधी उरल्या हे कॉलेजकडून लेखी घ्यावं. तोंडी उत्तरावर वर्ष घालवू नये.

नियम बदलले तर बेत बदलावा, मुलीचं शिक्षण थांबवू नये. शेजारी काय म्हणतात ते ऐका, पण निर्णय कॉलेजचा तक्ता हातात घेऊन, मुलीला शेजारी बसवून करा. शिकायचं तिला आहे.