सणाचा बाजार आणि बारा कंठ

अमेरिकेत नोव्हेंबरच्या अखेरीस 'थँक्सगिव्हिंग' पार पडले, की दुकानादुकानांतील ध्वनिवर्धकांवर नाताळची गाणी सुरू होतात. त्यांत बर्फ असते, घुंगरांची घसरगाडी असते, शेकोटी असते, लाल डगल्यातला सांताक्लॉज असतो. ज्याच्या जन्माचा हा उत्सव, तो मात्र पुष्कळदा नसतो. अशा गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकांना तेथील बाजारात 'हॉलिडे अल्बम' म्हणतात. 'हॉलिडे' म्हणजे मुळात पवित्र दिवस. काळाच्या ओघात त्यातील पावित्र्य गळाले आणि सुट्टी उरली. कोणत्याही धर्माच्या ग्राहकाला बिचकवू न देणारा असा शब्द बाजाराला हवाच होता. २००५च्या सुमारास दुकानातील विक्रेत्याने 'मेरी ख्रिसमस' म्हणावे की 'हॅपी हॉलिडेज', यावरून त्या देशात केवढे वादळ उठले! दूरचित्रवाणीवर चर्चा झडल्या, दुकानांवर बहिष्काराची आवाहने झाली. या गदारोळात खुद्द सणाच्या संगीताची विचारपूस किती जणांनी केली असेल?

सान फ्रान्सिस्कोतील 'चँटिक्लीअर' हा बारा पुरुषांचा गायकवृंद दर डिसेंबरला जे करीत आला आहे, ते या पार्श्वभूमीवर पाहण्याजोगे आहे. वृंदाचे नाव इंग्रजी कवी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधील सुस्वर आरवणाऱ्या कोंबड्यावरून घेतले आहे. लुई बोटो या संगीताभ्यासकाने १९७८ साली त्याची स्थापना केली. मध्ययुगीन व प्रबोधनकालीन युरोपीय संगीत विद्यापीठात अभ्यासले जाते, ग्रंथालयात जपले जाते, परंतु ते गाते कोण, हा त्याला पडलेला प्रश्न होता. उत्तर म्हणून त्याने मित्र जमविले आणि गायला आरंभ केला. मूळ संगीत चर्चमधील पुरुषांच्या व मुलांच्या गळ्यांसाठी रचलेले, म्हणून वृंदही पुरुषांचाच. त्यातील स्त्रीस्वराच्या उंचीचे भाग प्रौढ पुरुष गळ्याचा हलका, वरचा पट कमावून गातात. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला याचे फारसे नवल वाटू नये. साथीला बहुधा वाद्य नाही, समोर हातवारे करणारा संचालक नाही. एकमेकांच्या श्वासावर लक्ष ठेवून बारा जण गातात.

'सिंग वुई ख्रिसमस' ही त्यांची नाताळची ध्वनिमुद्रिका १९९५ची. दुकानात ती त्याच 'हॉलिडे' फळीवर, सांताच्या गाण्यांच्या शेजारी विकली गेली. फळी एक, पण आतला ऐवज निराळा. त्यांच्या नाताळच्या मैफली मेणबत्त्यांच्या उजेडात, मठांतील जुन्या लॅटिन स्तोत्रगानाने सुरू होतात. पुढे प्रबोधनकालीन रचना येतात, लोकपरंपरेतील आनंदगीते येतात आणि अखेरीस गुलामगिरीत खितपत पडलेल्या आफ्रिकी लोकांनी अमेरिकेच्या भूमीवर रचलेली भक्तिगीते येतात. या गीतांना वृंदात मानाचे पान मिळाले ते जोसेफ जेनिंग्ज यांच्यामुळे. हे कृष्णवर्णीय संगीतकार १९८३पासून पाव शतक वृंदाचे संगीत दिग्दर्शक होते. परंपरेत कोणाची भर स्वीकारायची, याचे असे उत्तर जाहीर सभेत सापडत नाही.

मात्र या वृंदाची खूण म्हणून जी रचना ओळखली जाते, ती पुरातन नाहीच. फ्रान्झ बीबल हे जर्मन संगीतकार दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांच्या हाती पडले आणि मिशिगनमधील युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांनी दिवस काढले. मायदेशी परतल्यावर ते बव्हेरियातील एका गावात चर्चचे ऑर्गनवादक झाले. तेथील एका अग्निशामक दलाच्या जवानांच्या गायकवृंदासाठी त्यांनी १९६४ साली 'आवे मारिया' रचले. चर्चची घंटा दिवसातून तीनदा वाजल्यावर म्हणावयाची प्रार्थना हा तिचा गाभा. तिला त्यांनी दोन गटांच्या स्वरांत बसविले. १९७०मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचा गायकवृंद ती अमेरिकेत घेऊन गेला, आणि पुढे 'चँटिक्लीअर'ने ती घरोघरी पोहोचविली. कैदी म्हणून जो देश पाहिला, त्याच देशात बीबल यांना खरी कीर्ती मिळाली. या रचनेचे शब्द जुने, सुरांची चौकट जुनी, आणि तरीही ती नवी आहे. आग विझविणाऱ्या हौशी गायकांच्या गळ्यासाठी ती लिहिली गेली, हे विशेष.

अर्थात सारेच निर्भेळ नाही. २००७च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेचे नाव 'लेट इट स्नो'. ज्या गाण्यावरून ते घेतले, ते १९४५च्या जुलैमध्ये, कॅलिफोर्नियाच्या ऐन उकाड्यात लिहिलेले. त्यात नाताळचा उल्लेखसुद्धा नाही. बाजाराची फळी शेवटी आपले भाडे वसूल करते, एवढेच म्हणावयाचे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. या वृंदाचा पहिला कार्यक्रम झाला तो 'मिशन डोलोरेस'मध्ये. नाताळच्या मैफली सांता क्लारा मिशनमध्येही होत आल्या आहेत. ही मिशने स्पॅनिश धर्मप्रसारकांनी अनुक्रमे १७७६ व १७७७ साली वसविली, आणि ती उभारणारे कष्टकरी हात होते तेथील ओहलोनी या मूळ रहिवाशांचे. रोगराईने आणि सक्तीच्या जीवनक्रमाने त्या समाजाची वाताहत झाली. त्याच्या स्वतःच्या सणांची गाणी फारच थोडी उरली आहेत. ज्या छताखाली युरोपची सहाशे वर्षे निगुतीने जपली जातात, त्याच छताखाली दुसरा एक कंठ कायमचा मिटला, हे ते मधुर स्वर ऐकतानाही विसरता येत नाही.

आज त्या सांता क्लाराच्या परिसरात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, आणि तेथील गणेशोत्सव महाराष्ट्रातील शहरांपेक्षा फारसा निराळा नसतो. अनेक घरांत आरती सीडीवर किंवा भ्रमणध्वनीवर लागते आणि मंडळी टाळ्या वाजवीत उभी असतात. महाराष्ट्रात विसर्जन मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतींविरुद्ध दरवर्षी निवेदने दिली जातात, आणि ती दिलीच पाहिजेत. परंतु निवेदनावर सही करणाऱ्यांपैकी किती जणांना आरतीची सर्व कडवी पुस्तक न उघडता म्हणता येतात? 'दिवाळी पहाट' उदंड झाल्या. तिकिटे संपतात, श्रोते नटूनथटून येतात आणि ऐकून परततात. कीर्तनात निदान श्रोत्यालाही धृपद उचलावे लागे.

'चँटिक्लीअर'मधील बाराही गायक १९९१पासून पूर्ण वेळ पगारी आहेत. ही नफा न कमावणारी संस्था आहे; तिकिटे, ध्वनिमुद्रिका आणि देणगीदार यांवर ती चालते, आणि तिचे गायक शाळकरी मुलांच्या गायकवृंदांना शिकवायलाही जातात. गणेशोत्सवात मंडपाच्या देखाव्यासाठी लाखांची वर्गणी सहज गोळा होते. त्याच मंडपात मुलांना आरती तालासुरात शिकविण्यासाठी एखाद्या कीर्तनकाराला महिनाभर मानधन देऊन बोलवावे, असा ठराव किती मंडळांच्या बैठकीत आला आहे?