विंटेज? नको रे बाबा!

शनिवार सकाळ. ऊन चढायच्या आत अंगणात येझदी रोडकिंग उघडून बसलोय. बायको म्हणते, आठवडाभर कोड दुरुस्त करतोस, सुट्टीला ही! पण इथला बिघाड निदान हाताला तरी लागतो.

किक आणि गिअरला एकच दांडा असलेली ही गाडी १९८५ची. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, ही अजून फटफटतेय. २०२१च्या नियमानुसार पन्नाशी गाठलेली, मूळ रूपातली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. मान मोठा, पण मग रोज चालवायची नाही. फक्त प्रदर्शन नि रॅली. मग एवढं ग्रीस कशाला माखून घेतलं राव? त्यापेक्षा दर पाच वर्षांनी तपासणी करून दोन हजार भरीन.

असो. प्लग साफ झालाय. सेमिनरी हिल्सचा चढ घेते का, बघून येतो.